८९व्या मिनिटाला उठलो, गाडीपर्यंत पोचलो तर २-३. पोराला काय सांगू?

तेरेखोलचा_वारा | २५ एप्रिल २०२४, सकाळी ६:४०

रात्रभर झोप नाही म्हणून लिहितोय. काल फातोर्ड्याला (मडगावचं स्टेडियम) एफसी गोवा आणि मुंबई सिटी, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग फुटबॉलच्या सेमीफायनलचा पहिला लेग (दोन मॅच, गोलांची बेरीज धरतात). मी आणि माझा मुलगा (वय १०, परीक्षा नुकतीच संपलीय) सावंतवाडीहून दुपारीच निघालो होतो. पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली की हा गाडीत उभा राहून ओरडायला लागतो, दर वेळचं आहे. १६व्या मिनिटाला बोरिसचा गोल, ५६व्याला ब्रँडनचा, २-०. पोराच्या अंगावर ब्रँडनच्या नावाची जर्सी, त्यामुळे दुसऱ्या गोलनंतर त्याला खाली बसवणं अशक्य झालं.

८९वं मिनिट चालू होतं तेव्हा मी म्हटलं चल, जिंकलो, आता निघू. सकाळी दुकान उघडायचं होतं, नव्वद किलोमीटर जायचं, आणि मॅच सुटल्यावर पार्किंगमधून बाहेर पडायलाच अर्धा-पाऊण तास जातो. तो म्हणत होता बाबा शिट्टी होऊदे ना. मी हात धरून काढला त्याला.

जिन्यावर असतानाच मागून आवाज आला. गोवा गोल करतं तेव्हा फातोर्डा कसं गर्जतं ते माहितेय, तसा नव्हता तो. नुसता 'हाऽऽ' असा, सगळ्यांनी मिळून श्वास सोडल्यासारखा. पोराने विचारलं काय झालं, मी म्हटलं चान्स गेला असेल. मग लगेच परत तसाच आवाज. गाडीपाशी पोचून फोन बघतोय तर २-२, आणि मी गाडी काढेपर्यंत २-३. ९०, ९१ आणि ९६. तीन गोल. आम्ही एकही बघितला नाही.

म्हापश्याला जेवायचं ठरलं होतं, त्याला नको होतं. बांद्यापर्यंत एक शब्द नाही. बांदा गेल्यावर म्हणाला, "आपण उठलो म्हणून झालं." आणि झोपला.

प्रश्न दोन आहेत. तुम्ही लोक अशा मॅचनंतर काय करता, म्हणजे खरोखर काय करता? आणि पोराला काय सांगू? सोमवारी २९ला अंधेरीला दुसरा लेग आहे, तो म्हणतोय मी बघणारच नाही.

---

रापण | २५ एप्रिल, ७:२५

मी थयच होतंय रे, शेवटपर्यंत. तू सुटलस म्हण. पहिलो गोल झालो तेव्हा माझ्या बाजूचो माणूस म्हणालो, जांवदे, एक झालो तर काय. त्येचा वाक्य पुरा होवच्या आधी दुसरो. मगे कोण काय बोलूकच नाय. तिसऱ्याक तर लोक खुर्चेर बसान रवले, मॅच संपली तरी उठनत नाय. मी मालवणाक पोचलंय पहाटे दोनाक, आवशीन इचारल्यान जिंकलात? मी म्हटलंय हो. खोटा सांगलंय. सकाळी पेपरात बघल्यान तिना.

---

आंबाघाट | २५ एप्रिल, ८:०२

आयपीएल चालू असताना आयएसएलसाठी नव्वद किलोमीटर? आपल्याकडे कोकणात फुटबॉल बघतं कोण हो.

---

रापण | २५ एप्रिल, ८:१०

सावंतवाडी, बांदा, दोडामार्गची अर्धी पोरा कामाक गोव्यात असत. थयसर संध्याकाळी ऑफिसात क्रिकेटच्या आधी फुटबॉलची गजाल निघता. तू एकदा बांद्याच्या नाक्यार येवन ईचार, कोण बघता ता समजात.

---

मांडवीपार | २५ एप्रिल, ९:१५

मी म्हापश्याचा, पण माझं आजोळ वेंगुर्ल्याचं म्हणून इथे मराठीत लिहितो, चुकलं तर सांभाळून घ्या.

कालचं दुसरं आहे. आमच्या पिढीसाठी पहिलं म्हणजे २० डिसेंबर २०१५. आयएसएलची फायनल, फातोर्ड्यालाच, समोर चेन्नईयिन, आपला कोच झिको. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किकवर गोल केला आणि २-१. मी अनोळखी माणसाला मिठी मारली होती, पुढच्या रांगेतल्या बाईने तिचं बाळ हवेत उचललं होतं. चषक तीन मिनिटांवर. ९०व्याला आपल्याच गोलकीपरच्या, कट्टीमनीच्या नावावर स्वयंगोल, २-२. दोन मिनिटांनी मेंडोझा, २-३.

बघा, तोच आकडा. २-३. तेच मैदान. काल ९६व्याला बॉल आत गेला तेव्हा मला वाटलं मी हे आधी बघितलंय, आणि खरंच बघितलं होतं.

तेव्हा मी काय केलं विचाराल तर तीन महिने हायलाइट्स बघितले नाहीत, फुटबॉलच्या गजालीत बसलो नाही. मडगावला कामाला जायचो तर स्टेडियमच्या रस्त्याने न जाता आतून जायचो. पुढच्या सीझनला पहिल्या मॅचला परत गेलो. का गेलो ते नाही सांगता येत. शनिवारी घरी बसवेना.

---

बाणकोट | २५ एप्रिल, ९:५०

लिव्हरपूलवाला. ५ मे २०१४, क्रिस्टल पॅलेस. आपल्याकडे रात्री साडेबाराची मॅच, मी पुण्यात हॉस्टेलवर. आधीच्याच आठवड्यात चेल्सीसमोर आमचा कॅप्टन जेरार्ड पाय घसरून पडला होता तरी आशा होती, गोलफरक भरून काढायचा म्हणून ३-० झाल्यावरही आमचे पुढेच धावत होते. ७९व्या मिनिटाला एक खाल्ला, ८१व्याला दुसरा, ८८व्याला तिसरा. ३-३. सुआरेझने जर्सीत तोंड लपवलं आणि मी उशीत. लीग दोन गुणांनी गेली.

मी काय करतो? मॅचनंतर चालतो. त्या रात्री दीड तास चाललो. गावी असलो तर खाडीपर्यंत जाऊन येतो. बोलायला कुणी सोबत आलेलं चालत नाही, कुत्रा चालतो.

---

कोकमसार | २५ एप्रिल, ११:३०

मी फुटबॉल बघत नाही, बघणाऱ्याशी लग्न केलंय. आमच्याकडे नवरा आणि दीर दोघं अर्जेंटिनाचे. २०२२ची वर्ल्डकप फायनल, ८०व्या मिनिटापर्यंत २-० होतं, मी चहा टाकायला उठले आणि एम्बापेने दोन मिनिटांत दोन टाकले. त्यानंतर मला किचनच्या उंबरठ्यावर उभं केलं, ना आत ना बाहेर, मॅच पेनल्टीपर्यंत गेली तोवर मी तिथेच. पाय सुजले होते अक्षरशः. जिंकले म्हणून ठीक, नाहीतर आजही तो चहा निघाला असता.

तुमच्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं. त्याला नका सांगू "नुसता खेळ आहे". माझी पुतणी नऊ वर्षांची आहे, तिला कुणी असं म्हटलं की ती आणखी रडते. कारण तिच्यासाठी तो नुसता नसतो ना.

---

शिट्टी | २५ एप्रिल, दुपारी १:२०

मी वेंगुर्ल्याच्या बाजूला शाळेत पीटी शिकवतो, फुटबॉलची टीम तयार करतो. मुलाच्या डोक्यात हे उठल्याबसल्याचं भरू देऊ नका असं माझं स्पष्ट मत. त्याला मॅच समजावून सांगा. दहा वर्षांच्या मुलाला सगळं कळतं.

असं होतं काय, २-० वर असलेली टीम शेवटच्या दहा मिनिटांत मागे मागे सरकते. कोच ओरडत असतो पुढे या पुढे या, पण पाय मागे जातात, कारण राखायचं आता काहीतरी असतं. सगळे आपल्या बॉक्ससमोर. मग बॉल जोरात बाहेर मारला तरी तो घ्यायला पुढे आपला माणूसच नाही, पाच सेकंदांत समोरचे परत घेऊन येतात. दहा वेळा बाहेर काढला, अकराव्या वेळी राहिला. त्यात एप्रिलचा किनाऱ्यावरचा दमटपणा, बसल्या जागी बनियन भिजतो, हे दीड तास पळतायत. आणि समोर छांगटेसारखा वेगाचा माणूस.

सगळ्यात धोक्याचं मिनिट कुठलं माहितेय? पहिला गोल खाल्ल्यानंतरचं. अर्ध्या टीमला वाटतं आता घट्ट राखू, अर्धीला वाटतं आपण पण पुढे जाऊ, आणि मध्ये ही मोठी भगदाडं पडतात. काल ९० आणि ९१ बघा. गोल खाल्ला की मी माझ्या मुलांना सांगतो, बॉल मधोमध ठेवेपर्यंत सगळ्यांनी एकमेकांकडे बघायचं आणि एकानेच बोलायचं. तरी गेल्या वर्षी तालुक्याला शेवटच्या पाच मिनिटांत दोन खाल्ले. मुलं रडली, मी पण बसच्या मागच्या सीटवर जाऊन बसलो.

---

रापण | २५ एप्रिल, २:०५

सर, समजला. पण माझो बापूस व्हडी घेवन निघालो की मागसून हाक मारूची नाय, ह्यां आमच्या घरात आजून असा. हाकेन मासो कमी गावता काय? नाय गावणा. पण जो घरात रवता, त्येचा काम काय मगे? तेका पण कायतरी करूचा असता ना. हाक मारनत नाय, ता तेचा काम. तेरेखोलच्या झिलाचा पण तसाच.

---

शिट्टी | २५ एप्रिल, २:३०

रापण, हे मी नाही खोडू शकत. फक्त एवढंच की हाक न मारणं वेगळं आणि होडी बुडली तर हाक मारणाऱ्या पोराने जन्मभर स्वतःला दोष देणं वेगळं. त्याला दुसऱ्यातून सोडवा.

---

निळी_बाजू | २५ एप्रिल, सायंकाळी ५:४५

देवरुखचा आहे, नोकरी मुंबईत, मुंबई सिटीचा. धाग्यावर यावं की नको असा दिवसभर विचार केला, तुम्हाला खिजवायला आलो असं वाटू नये. पण तेरेखोल, तुमच्या मुलासाठी एक गोष्ट माझ्याकडे आहे.

१५ तारखेला आम्ही कोलकात्याला मोहन बागानकडून २-१ हरलो, नुसता ड्रॉ हवा होता शील्डसाठी, म्हणजे लीगमध्ये पहिलं यायला. नऊ दिवसांनी काल फातोर्ड्याला २-०. मला ते सहन झालं नाही. ८८-८९ मिनिटं झाली असतील, मी टीव्ही बंद केला, फोन सायलेंटवर टाकला आणि भांडी घासायला घेतली. साडेदहाला फोन बघितला तर एकशे चाळीस मेसेज. मला वाटलं कुणी गेलं की काय.

म्हणजे तुम्ही पण उठलात आणि मी पण उठलो, साधारण एकाच मिनिटाला. तुम्ही उठलात म्हणून गोवा हरलं असेल तर मी उठलो म्हणून मुंबई जिंकली. दोघांपैकी कुणाचं खरं? त्याला विचारा.

आणि माझ्या क्लबची आयुष्यातली सगळ्यात भारी सहा मिनिटं माझी हुकली हो. त्याचं दुःख तुम्हालाच कळेल म्हणून तुम्हाला सांगतोय.

---

तेरेखोलचा_वारा | २५ एप्रिल, रात्री ९:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. निळी_बाजू, तुमचं वाचून दाखवलं. बराच वेळ विचार करून म्हणाला, "त्या काकांनी टीव्ही बंद केला, ते मैदानात नव्हते. टीव्हीचं मोजत नाहीत." आता काय बोलणार. शिट्टी सरांचं भगदाडाचं मात्र त्याने वहीत काढून बघितलं, अकरा ठिपके आणि बाण. रात्री थोडं जेवला.

---

दापोलीचा_डावखुरा | २५ एप्रिल, ११:५५

उठण्यावरून आठवलं. मी जुना एसी मिलानचा. २५ मे २००५, इस्तंबूल, चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर लिव्हरपूल. पहिल्याच मिनिटाला माल्दिनी, मग क्रेस्पो दोन, हाफटाइमला ३-०. दापोलीत तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, वडिलांनी दटावलं वीजबिल कोण भरणार, मी समाधानाने झोपलो. सकाळी दूध आणायला गेलो तर तिथे एक ओळखीचा म्हणाला काय रे तुझं मिलान. मला वाटलं अभिनंदन करतोय, मी हसून थँक्यू म्हटलं. सहा मिनिटांत तिन्ही फिटले होते आणि पेनल्टीवर गेलं. तो थँक्यू अजून आठवतो.

दोन वर्षांनी अथेन्सला परत त्याच लिव्हरपूलसमोर फायनल, इन्झागीचे दोन, २-१. ती मी शिट्टीपर्यंत उभ्याने बघितली. पण खरं सांगू, त्याने इस्तंबूल भरलं नाही. लोक म्हणतात हिशोब चुकता झाला, माझा नाही झाला. ते वेगळं, हे वेगळं.

---

बाणकोट | २६ एप्रिल, ७:३०

डावखुरा, तुमची ती रात्र ही आमच्याकडची देवाची रात्र आहे. आज पहिल्यांदा त्या बाजूने विचार केला. चहा पाजतो एकदा, दापोलीला येणं असतं.

---

आंबाघाट | २६ एप्रिल, ९:००

काल उगाच बोललो. १९ नोव्हेंबर २०२३ची अहमदाबादची क्रिकेट वर्ल्डकप फायनल संपल्यावर मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नव्हतो, दहाच्या दहा मॅच जिंकून आलेली टीम. तेव्हा कुणी म्हणालं असतं की क्रिकेट बघतं कोण, तर मारलं असतं. मुलाला माझ्याकडून सांगा की मोठी माणसं पण गप्प होतात.

---

मांडवीपार | २६ एप्रिल, रात्री १०:२०

शिट्टी सर दोषाबद्दल बोलले त्यावरून काल अर्धवट राहिलेलं पुरं करतो. पोरासाठीच आहे हे.

कट्टीमनी आपला गोव्याचाच मुलगा. २०१५ला घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर फायनलच्या ९०व्या मिनिटाला स्वयंगोल. त्या रात्री लोक काय काय बोलले, मी पण बोललो, आज लाज वाटते. पुढे तो हैदराबादकडे गेला. २० मार्च २०२२, परत आयएसएलची फायनल, परत फातोर्डा, हैदराबाद आणि केरळा ब्लास्टर्स. १-१, पेनल्टी. त्याने तीन अडवल्या. तीन! त्याच मैदानावर. हैदराबाद चॅम्पियन.

मी घरी एकटा बघत होतो, गोव्याचा काही संबंध नाही त्या मॅचशी, पण तिसरी अडवली तेव्हा उभा राहून रडलो. बायको बाहेर आली बघायला. मला वाटतं मी सहा वर्षांपूर्वीचं तेव्हा रडलो.

---

कोकमसार | २६ एप्रिल, १०:४०

हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला ऑफसाइड म्हणजे काय ते पण माहीत नाही.

---

निळी_बाजू | २७ एप्रिल, ११:१५

तेरेखोल, सोमवारी दोघं येताय का? तिकिटं मी काढतो, राहायला माझ्याकडे. मुलाला गोव्याची जर्सी घालूनच आणा, माझ्या शेजारी बसेल.

---

तेरेखोलचा_वारा | २७ एप्रिल, दुपारी ३:००

तुमचा शब्दच पुरे हो. कालपासून तुतारी, कोकणकन्या सगळं बघितलं, सुट्टी लागलीय, चाकरमानी उतरायला लागलेत, वेटिंग संपत नाही. आणि दुकान. घरीच बघू. बघायचं म्हणतोय तो आता, कारण एकाच गोलाचा फरक आहे असं त्याने आजीला समजावून सांगितलंय.

---

तेरेखोलचा_वारा | ३० एप्रिल, ७:१५

बघितली. ०-२. ६९व्याला दियाझ, ८३व्याला छांगटे. एकूण २-५. घरात त्याने सगळ्यांच्या जागा ठरवून दिल्या होत्या, आजीला पण, शिट्टी होईपर्यंत कुणीही उठायचं नाही, तहान लागली तरी नाही. कुणी उठलं नाही. तरी हरलो. मी म्हटलं बघ, आता पटलं? तर म्हणे टीव्हीचं मोजत नाहीत. पण यावेळी रडला नाही. निळी_बाजू, तुमच्या क्लबला फायनलसाठी शुभेच्छा, मनापासून.

---

निळी_बाजू | ५ मे २०२४, ००:२०

३-१. बागानला त्यांच्याच घरी, कोलकात्याला. आधी एक गोल खाल्ला होता तेव्हा रिमोटकडे हात गेला होता, पण तुमच्या मुलाची आठवण झाली आणि रिमोट बायकोच्या हातात दिला. पूर्ण बघितली.

---

रापण | ३० जुलै २०२४, रात्री ८:४०

धागो वर काढतंय. ब्रँडन मुंबई सिटीक गेलो. झिलाक सांगलस?

---

तेरेखोलचा_वारा | ३० जुलै २०२४, ९:३०

सांगितलं. जर्सी कपाटात खाली ठेवलीय, टाकली नाही. म्हणतो त्याचे आमच्यासाठीचे गोल आमचेच आहेत.

---

तेरेखोलचा_वारा | ७ एप्रिल २०२५, पहाटे ४:१०

आत्ता पोचलोय. झोप येत नाही, परत इथेच आलो. काल रामनवमी, देवळातून थेट निघालो दोघं. फातोर्डा, सेमीफायनल, दुसरा लेग, समोर बेंगळुरू. पहिला लेग आपण ०-२ हरलेलो. पोरगा आता ११चा. मैदानात शिरतानाच मला म्हणाला, यावेळी शिट्टीपर्यंत, कबूल? कबूल.

४९व्याला बोर्हाने एक मारला. मग खूप वेळ काही नाही, आणि ८८व्याला सादिकूचा, २-०, म्हणजे एकूण २-२. काय सांगू तुम्हाला तो आवाज. गेल्या वर्षी ऐकायचा राहिलेला सगळा आवाज काल ऐकला. लोक नाचत होते, हा माझा हात धरून बसून. ८९वं मिनिट बोर्डवर आलं तेव्हा त्याने घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी दोन्ही पाय पुढच्या खुर्चीखाली अडकवून बसलो होतो.

९०+२. छेत्री. हेडर. ४० वर्षांचा माणूस. एकूण २-३.

परत तेच मैदान, परत २-३. यावेळी दोघांनी डोळ्यांसमोर बघितलं. शिट्टी झाली, खेळाडू मैदानात आडवे पडले होते, लोक टाळ्या वाजवत होते, आम्ही पण वाजवल्या. मला वाटलं हा आता फुटेल. पार्किंगपर्यंत गप्प. गाडीत बसून पट्टा लावला आणि म्हणाला,

"बाबा, आपण बसलेलो होतो तरी झाला. म्हणजे गेल्या वर्षी पण तुझ्यामुळे नव्हता झाला."

वर्षभर मला वाटत होतं तो स्वतःला दोष देतोय. तो मला देत होता, आणि बोलला नव्हता.

म्हापश्याला थांबलो. रात्रीचे साडेबारा, एक हॉटेल उघडं होतं. दोन प्लेट पाव-भाजी खाल्ली त्याने.

---

रापण | ७ एप्रिल २०२५, ५:०५

मी नॉर्थ स्टँडाक होतंय. पुढच्या टायमाक दोन जागा माझ्या बाजूक धरतंय, झिलाक सांग.